कवटी बाहेरून मोजली, उत्तर आत होतं

आज जरा हाडांची गोष्ट. स्टोनहेंजचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. इंग्लंडच्या त्याच विल्टशर भागात शेतांमध्ये मातीची जुनी टेकाडं दिसतात. ती टेकाडं म्हणजे थडगी. लांबट टेकाडं साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, गोल टेकाडं त्यानंतर हजारेक वर्षांनी आलेली.

जॉन थर्नम हा तिथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर. १८५९ मध्ये त्याने वेस्ट केनेटचं लांबट टेकाड खणलं. अशा अनेक टेकाडांतल्या कवट्या मोजल्यावर त्याला एक गंमत दिसली: लांब टेकाडात लांब डोकी, गोल टेकाडात गोल डोकी! मोजमाप सोपं. कवटीची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. आकडा ७५ च्या खाली असला तर डोकं लांब, ८० च्या वर गेला तर गोल. थर्नम म्हणाला, आधी एक वंश होता, मग दुसरा आला.

निरीक्षण चांगलंच होतं. घोळ पुढे झाला. डोक्याचा आकार म्हणजे वंशाचा कायमचा शिक्का, असं लोक धरून चालले. मग त्यावरून अक्कलही ठरवू लागले. १९१० च्या सुमारास फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधली स्थलांतरित कुटुंबं मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा थोडी वेगळी निघाली. एका पिढीत!

आणि आपल्या इरावती कर्वे? बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं म्हणणं होतं की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि सरळ लिहिलं, तसं काही दिसत नाही. गुरूच्या विरोधात, तेही जर्मनीत, हिटलर सत्तेवर यायच्या जेमतेम काही वर्षं आधी. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण थांबा. २०१८ मध्ये प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास आला. घंटेच्या आकाराची मडकी वापरणारे लोक युरोपातून ब्रिटनमध्ये आले, आणि काही शतकांत तिथला सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा बदलला. स्टोनहेंजचे मोठे दगड उभारणाऱ्यांचा अंश अगदी थोडा उरला. म्हणजे माणसं खरोखर बदलली होती!

आणि असा डीएनए सगळ्यात चांगला टिकतो कुठे? कवटीतच. आतल्या कानाभोवतीच्या दगडासारख्या टणक हाडात. त्यासाठी मोजपट्टी लागत नाही, हाडाची चिमूटभर पूड लागते.