मायबापांच्या तोंडचे अपशब्द

मराठी घरांत मुलांना उद्देशून पिढ्यान्‌पिढ्या जे अपशब्द वापरले गेले, त्यांचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची येते. बखरकार माजघरात शिरत नाही आणि पत्रलेखक आपल्या तोंडची शिवी सहसा कागदावर उतरवीत नाही. म्हणून व्यक्तिनामे, संतवाङ्मय आणि कोश यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते.

आधीची अपत्ये दगावलेल्या घरी पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असे ठेवीत. हीन नावाच्या मुलाकडे मृत्यूची नजर वळत नाही, ही त्यामागील श्रद्धा. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ ही संबोधने याच श्रद्धेतून निघाली असावीत, असे सहज सुचते. ‘मेला’ हे ‘मरणे’चे धातुसाधित, ‘मुडदा’ हे फारसी ‘मुर्दा’चे रूप, जिवंत लेकराला मृत म्हणून आई मृत्यूला फसविते! उपपत्ती आकर्षक आहे, परंतु पुरेशी नाही. बायका ‘मेला’ हा शब्द शेजाऱ्याला, एवढेच काय, पावसालाही लावतात. तेथे दृष्ट लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जनाबाईच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात प्रत्यक्ष विठ्ठलाला ‘कारट्या’ म्हटले आहे. भक्त तेथे वडीलधाऱ्याचा अधिकार गाजविते. शिवीचा हक्क आपल्या माणसावरच चालतो, ही समजूत श्रोत्यांतही रूढ असली पाहिजे. एरवी त्यांना त्यात भक्ती दिसलीच नसती.

‘रांडेच्या’ या शब्दाला मात्र हे समर्थन लागू पडत नाही. ‘रांड’ म्हणजे संस्कृत ‘रण्डा’. विधवा आणि वेश्या हे दोन्ही अर्थ तिला चिकटले आहेत. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. पुढच्याच वर्षी निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे अर्थ एकाच नोंदीत नांदतात. बाप मुलाला ‘रांडेच्या’ म्हणतो, तेव्हा शब्दशः तो स्वतःचे मरण किंवा पत्नीचा व्यभिचार कबूल करीत असतो. आई म्हणते, तेव्हा घाव तिच्यावरच पडतो. बोलणाऱ्याच्या मनात मूळ अर्थ नसतो, या सबबीवर असे शब्द निरुपद्रवी ठरविण्याची भाषाभ्यासकांची सवय आहे. पण ज्या घरात आई खरोखरीच विधवा होती, तेथे मुलाच्या कानी तो अर्थ पडत नसेल, हे संभवत नाही.

विसाव्या शतकात पांढरपेशा घरांचे वळण बदलले. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (1935) आणि ताराबाई मोडक (1892–1973) यांचे बालशिक्षणकार्य यांचा त्यात वाटा मानावयास हवा. ‘रांडेच्या’ तेथून बव्हंशी हटला. ‘गाढवा’, ‘माकडा’, पुढे ‘इडियट’ हे शब्द त्याच्या जागी आले. ‘मेल्या’ देशावर मुख्यतः बायकांच्या तोंडी उरला, तर मालवणीत पुरुषही तो मित्राला सर्रास लावतात. ‘कार्टी’ तर इतकी सौम्य झाली, की वसंत कानेटकरांच्या ‘कार्टी काळजात घुसली’ या नाटकाच्या नावात ती लाडाची म्हणूनच बसली.