फॅशन डिझायनरच्या प्रदर्शनासाठी संग्रहालय रात्रभर उघडं का ठेवलं गेलं?

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम एरवी रात्री बंद असतं. २०१५च्या उन्हाळ्यात मात्र एका प्रदर्शनाच्या शेवटच्या दोन वीकेंडना ते रात्रभर खुलं होतं. संग्रहालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या कामाचं हे प्रदर्शन होतं, 'सॅव्हेज ब्यूटी'. साडेचार महिन्यांत ४ लाख ९३ हजार लोकांनी ते पाहिलं.

मॅक्वीन कोण होते?

मॅक्वीन यांचा जन्म १९६९ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील टॅक्सी चालवायचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते सॅव्हिल रो या पुरुषांच्या सुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यावर शिवणकाम शिकायला लागले. पुढे सेंट्रल सेंट मार्टिन्समधून त्यांनी एमए केलं. तिथलं त्यांचं १९९२चं कलेक्शन इसाबेला ब्लो यांनी विकत घेतलं आणि त्यांचं नाव चर्चेत आलं. १९९६ मध्ये ते पॅरिसच्या 'जिव्हाँशी'चे मुख्य डिझायनर झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये, ४०व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हे प्रदर्शन भरलं. तिथे ६ लाख ६१ हजार लोक आले. लंडनमध्ये ते आणखी मोठं झालं आणि मॅक्वीन यांच्या सुरुवातीच्या कामाचं दालनही जोडलं गेलं. त्याला खास अर्थ होता, कारण याच संग्रहालयातले जुने कपडे मॅक्वीन यांना प्रेरणा देत आले होते.

प्रदर्शनात काय होतं?

शिंपल्यांनी मढवलेला ड्रेस होता, 'आर्माडिलो' नावाचे उंचच उंच बूट होते. १९९९च्या स्प्रिंग कलेक्शनमधला पांढरा ड्रेसही होता. फॅशन शोमध्ये मॉडेल शालोम हार्लो हा ड्रेस घालून फिरत्या चकतीवर उभी होती आणि दोन रोबोंनी त्यावर रंग फवारला होता. एका दालनात केट मॉस ही मॉडेल हवेत तरंगणाऱ्या आकृतीच्या रूपात दिसायची.

फोटो असताना प्रत्यक्ष का पाहायचं?

मॅक्वीन यांचे शो नाट्यमय असायचे, त्यामुळे फोटोत लक्ष जातं ते नाट्याकडे. कपड्यासमोर उभं राहिलं की शिंपी दिसतो. जॅकेटचा खांदा कसा बसवलाय, शिवण कुठे वळवलीय, कंबरेच्या बऱ्याच खाली बसणाऱ्या 'बमस्टर' पँटचा कट कसा आहे, हे पाहता येतं. नियम मोडणाऱ्या या डिझायनरने आधी ते नियम सुई-दोरा घेऊन शिकले होते, हे तिथे कळतं.

अशा दालनांत उजेड कमी असतो, तो फक्त वातावरणनिर्मितीसाठी नाही. प्रकाशाने कापडाचा रंग उडतो, धागे कमजोर होतात आणि हे नुकसान भरून काढता येत नाही.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप पैशांचा. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला मॅक्वीन यांच्याच ब्रँडचं आर्थिक पाठबळ होतं. मग हे कलेचं प्रदर्शन की जाहिरात? हा वाद जुना आहे. १९८३ मध्ये मेट्रोपॉलिटनने इव्ह सँ लोराँ यांच्या हयातीत त्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हाही अशीच टीका झाली होती. त्यानंतर एकाच हयात डिझायनरवरचं प्रदर्शन तिथे थेट २०१७ मध्ये झालं, जपानच्या रेई कावाकुबो यांचं.

दुसरा आक्षेप कपड्यांबद्दलचाच. कपडा असतो चालत्या-फिरत्या शरीरासाठी. पुतळ्यावर तो स्थिर होतो. शोचे व्हिडिओ शेजारी लावून ही उणीव काही अंशीच भरून निघते.

तरीही गर्दी कमी झालेली नाही. २०१९ मध्ये लंडनच्या याच संग्रहालयात ख्रिश्चन डिऑर यांच्या फॅशन हाउसवरचं प्रदर्शन सुमारे ५ लाख ९५ हजार लोकांनी पाहिलं आणि 'सॅव्हेज ब्यूटी'चा तिथला विक्रम मोडला.