गच्चीवरची तार : वसई-विरारच्या इमारतींतील जोडणीचा इतिहास

वसई-विरार परिसरासाठी १९९० मध्ये सिडको हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. त्या सुमारास नालासोपारा व विरार स्थानकांभोवती दाटीने उभ्या राहणाऱ्या इमारतींत विजेच्या व पाण्याच्या वाटा ठरलेल्या असल्या, तरी संदेशवहनाच्या तारेला स्वतंत्र वाट क्वचितच ठेवलेली असे. त्यामुळे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा केबलवाल्यांनी कोअॅक्सियल केबल, म्हणजे मधोमध तांब्याची तार आणि तिच्याभोवती जाळीचे कवच असलेली केबल, गच्चीवरून गच्चीवर ओढली व खिडकीच्या चौकटीतून घरात घेतली.

इंटरनेटने बहुतांशी हीच वाट धरली, पण त्याची तार निराळी होती. तांब्याच्या तारांच्या पीळ दिलेल्या जोड्यांवरून चालणाऱ्या इथरनेटचे मानक १९९० मध्ये ठरले आणि त्यात एका सलग जोडणीची लांबी सुमारे १०० मीटर धरली गेली, कारण अंतराबरोबर संकेत क्षीण होतो. दोन गच्च्या ओलांडून तळमजल्यापर्यंत उतरणारी तार ही मर्यादा सहज गाठत असल्याने मध्ये स्विच, म्हणजे आलेला संकेत नव्याने पुढे धाडणारी पेटी, बसवावा लागे. या व्यवस्थेचे खरे दुबळेपण तारेपेक्षा या पेटीत होते, असे म्हणावे लागते. पेटीला वीज लागे. २००५ च्या आसपास मुंबईची उपनगरे भारनियमनापासून जवळजवळ मुक्त असताना खाडीपलीकडच्या वसई-विरारला महावितरणच्या भारनियमनाची झळ बसत होती, आणि मधल्या एका इमारतीची वीज गेली की पुढच्या इमारतींत वीज असूनही जोडणी तुटे. त्यात उन्हाने तडकणारे आवरण, सांध्यांत शिरणारे पावसाचे पाणी आणि तांब्याचा केवळ मुलामा दिलेली स्वस्त अॅल्युमिनियमची तार यांची भर पडे. दोन इमारतींच्या भूसंपर्कनात, म्हणजे अर्थिंगमध्ये, फरक असला किंवा जवळपास वीज कोसळली, तर विजेचा लोंढा याच धातूच्या तारेतून यंत्रांपर्यंत पोहोचे.

काचेच्या तंतूतून प्रकाश नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरने ही अडचण मुळातच दूर केली, कारण काच वीज वाहून नेत नाही. शिवाय प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. मात्र खिडकीच्या चौकटीशी तार काटकोनात वळवण्याची जुनी सवय फायबरला मानवत नाही, कारण तीव्र वळणावर प्रकाश तंतूबाहेर निसटतो. २००६ मध्ये जी.६५७ हे वळण सोसणाऱ्या तंतूंचे आंतरराष्ट्रीय मानक आल्यावर सुमारे ३० मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर त्रिज्येचे वळणही चालू लागले.