माशाचे खवले आणि पेल्यावरचे अक्षर

(हौगांग येथील कुटुंबमेळाव्यात दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



आपल्या इतिहासाचा आरंभ आपण नौगावच्या किनाऱ्यापासून सांगतो. परंतु आपली ओळख टिकली ती स्वयंपाकघरात. परंपरा सांगते की, दाविद राहाबी कोकणात आले तेव्हा हे लोक खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. स्त्रियांनी पंख व खवले असलेली मासळी निवडली आणि उरलेली बाजूला सारली. ग्रंथ हाताशी नव्हते. पण काय खावे याचा विवेक आईकडून मुलीकडे येत राहिला होता. मटणाच्या रश्शात दुधादह्याऐवजी नारळाचा रस घालणे, हेही त्याच विवेकाचे फळ.

मात्र हा विवेक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे अन्न आपणांस विहित आहे काय? ते निर्धोक आहे काय, हा प्रश्न निराळा. सिंगापुरात २०१५ साली कच्च्या गोड्या पाण्यातील मासळीमुळे शंभराहून अधिक लोक जंतुसंसर्गाने आजारी पडले. त्या मासळीत कार्प जातीचा मासा होता. त्याला पंख आहेत, खवलेही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात अशी मासळी कच्ची वाढण्यास सरकारने बंदी केली. त्यापूर्वी २००९ साली गेलांग सेराई येथील रोजकच्या एका गाड्यावरून दीडशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली व दोघे दगावले. कच्च्या सागरी पदार्थांतील जंतू तयार अन्नात मिसळले होते.

या शहराने हे शिक्षण हळूहळू घेतले. एके काळी फेरीवाले रस्त्यावर रांधत आणि एकाच बादलीत वाट्या विसळत. १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी झाली. १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ व गटारे असलेल्या हॉकर सेंटरांत हलविले. १९९७ पासून गाळ्यांवर स्वच्छतेची अक्षरे लागली. ३० डिसेंबर २०२२ पासून बाटलीबंद पेयांवर, व वर्षभराने मोठ्या दुकानांतील ताज्या पेयांवरही, न्यूट्री-ग्रेड आले. शंभर मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅमहून अधिक साखर असेल तर अक्षर 'डी'.

पण कोपऱ्यावरच्या लहान कोपीटियामच्या पेल्यावर अक्षर नसते. मांसाहारानंतर आपण दूध टाळण्यासाठी 'कोपी-ओ' मागतो. नियम पाळला गेला. साखर मात्र पेल्यात राहिलीच. 'कोपी-ओ कोसोंग' म्हटले की तीही जाते. मधुमेहाच्या रुग्णांची शुश्रूषा करण्यात आयुष्य घालविलेली परिचारिका म्हणून सांगते, तो एक शब्द अवश्य उच्चारावा.

मलिद्याचेही तसेच. ओले खोबरे, भिजलेले पोहे आणि चिरलेली फळे या उष्ण, दमट हवेत लवकर बिघडतात. म्हणून खोबरे प्रार्थनेच्या थोडेच आधी खवावे, फळे शेवटी चिरावीत आणि उरलेला मलिदा तत्काळ शीतकपाटात ठेवावा. शब्बाथसाठी शेगडीवर ठेवलेले अन्न साठ अंशांहून अधिक उष्ण राहील, याची खात्री शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच करावी; कोमट अन्नात जंतू वाढतात.

आपल्या पूर्वज स्त्रियांनी मासा हातात घेऊन पारखला, मगच टोपलीत टाकला. आज पारखायच्या गोष्टी वाढल्या आहेत. परंतु पारखण्याची सवय आपल्या घराण्यांत जुनीच आहे. ती नातवंडांच्या हाती द्यावी.

परमेश्वर आपणा सर्वांस आरोग्य देवो. आमेन.