पाचशे रुपयांचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्यात पाचशे रुपयांची एक गोष्ट आहे. मेलेली गुरं ओढायचं काम सोडा, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, तेव्हा ‘केसरी’त कुणीतरी हिशेब मांडला होता. गावात वर्षाला इतकी गुरं मरतात, त्यांचं कातडं, शिंगं, हाडं, मांस असं सगळं मिळून पाचशे रुपये होतात, आणि आंबेडकर आपल्याच माणसांना या पैशाला मुकवताहेत. बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं. एवढा फायदा दिसतो तर हे काम तुम्हीच करा, नफा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी माझ्या पदरचे देतो.

माझी आजी आणि माय, दोघीही दीक्षेच्या त्या मैदानावर होत्या. आजीच्या सांगण्यात या गोष्टीत एक म्हैस यायची. छापील भाषणात तशी म्हैस नाही. म्हैस मेली, पाटलाचा माणूस बोलवायला आला आणि अख्ख्या महारवाड्यातून एकही माणूस उठला नाही, हे ती असं सांगायची की आम्ही पोरं श्वास रोखून ऐकत बसायचो. मला वाटतं, तिच्या माहेरी, उमरेडकडच्या खेड्यात, खरोखर तसं घडलेलं असावं आणि बाबासाहेबांच्या गोष्टीत तिने आपलं गाव आणून बसवलं असावं. म्हातारी माणसं इतिहास अशाच रीतीने जवळ ठेवतात.

आजी गावातून नागपुरात आली ती गिरणीच्या भोंग्यामागे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो हाच दिवस, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक. उत्तर नागपुरातलं आमचं बेझनबाग त्यांच्याच नावाचं. पुढे मॉडेल मिल आली. विदर्भातली, भंडाऱ्याकडची, छत्तीसगडातली माणसं या भोंग्यांवर आपलं घड्याळ लावून जगू लागली. इंदोरा, पाचपावली, टेका या वस्त्या अशाच वाढल्या. गावात ज्याला विहिरीला हात लावता येत नव्हता, त्याला इथे हप्त्याचा पगार मिळाला आणि बलुत्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागेना. पण शहर म्हणजे काही मुक्ती नव्हती. तिकडे मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचं दार अस्पृश्यांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पगार बरा तेच खातं नेमकं बंद.

आजी रिलिंग खात्यात होती. केसात कापसाची तुसं घेऊन यायची आणि आधी अंगणात डोकं झटकायची.

तिच्या गोष्टींमध्ये जाईबाई चौधरी वारंवार यायच्या. जाईबाई मूळच्या उमरेडच्या, म्हणून आजीला त्यांचा जरा जास्तच अभिमान. एके काळी कामठीहून नागपूरपर्यंत डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी ही बाई. एका मिशनरी बाईंच्या मदतीने तिला शिक्षिकेची नोकरी मिळाली. महाराची बाई मुलांना शिकवते म्हणून वरच्या जातीचे लोक बिथरले आणि नोकरी गेली. मग १९२०च्या दशकात जाईबाईंनी नव्या वस्तीत मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. नोकरी गेल्यावर ओझ्यांकडे परत जाता आलं असतं, पोट भरलं असतं. शाळा काढून पोट भरत नाही. आजीला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटे ते हेच, आणि ते ती प्रत्येक वेळी नव्याने सांगे. जाईबाई गल्लीगल्लीत फिरायच्या, पोर दिसली की तिच्या आईशी भांडायच्या. कौसल्या बैसंत्री यांचं ‘दोहरा अभिशाप’ १९९९ साली हिंदीत आलं. एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्या आईबापांनी मुलींना कसं शिकवलं, ते त्यात वाचताना मला आमच्याच गल्लीची हाक ऐकू आली. माझी माय जाईबाईंच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली.

१९४२च्या जुलैमध्ये मोहन पार्कात अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. २० तारखेला स्त्रियांची वेगळी परिषद झाली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आजी सहा वर्षांच्या मायला कडेवर, खांद्यावर असं करत तिथे घेऊन गेली. त्या परिषदेचे ठराव आज वाचले तरी अंगावर काटा येतो. बायकांना घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त लग्नांना कायद्याने बंदी हवी, गिरण्या आणि बिडी कारखान्यांतल्या बायकांना सुट्टी आणि निवृत्तिवेतन हवं. आणि एक मागणी अशी, की जिथे बायका काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच असावी. या शेवटच्या मागणीतून एक पैसाही हाती पडणार नव्हता. ज्यांच्या घरात संध्याकाळच्या पिठाची खात्री नव्हती, त्या बायकांनी ती इतर मागण्यांच्या बरोबरीने मांडली, याचा विचार मी पुष्कळदा करते.

मग १९५६चा दसरा आला. दीक्षेचं मैदान म्हणजे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची मोकळी जागा. जुन्या माणसांच्या तोंडी माताकचेरी, कारण देवीची लस तिथे तयार व्हायची. पांढरे कपडे घालून यायचं असा निरोप होता. इतवारीत पांढरं लुगडं मिळेना, असं माय सांगायची. आजीने हातातले चांदीचे गोट सावकाराकडे ठेवले आणि दोघींसाठी पांढरी लुगडी आणली. गोट पुन्हा सुटले नाहीत. मायला ते आठवायचं, पण तिच्या बोलण्यात हळहळ कधी नसायची.

१४ ऑक्टोबरला पहाटेच्या अंधारात त्या इंदोऱ्याहून चालत निघाल्या. सोहळ्याच्या सुरुवातीला बाबासाहेबांच्या वडिलांच्या स्मृतीसाठी सगळं मैदान स्तब्ध उभं राहिलं. लाखो माणसं, आणि लेकरं रडताना तेवढी ऐकू येत होती. कुशीनाराच्या महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली, त्यानंतर बाबासाहेबांनी लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पण मायला सगळ्यांत आधी आठवायचं ते वडिलांसाठी उभं राहणं. रामजी सुभेदार पोराला पुस्तकं हवी असली की लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचे दागिने गहाण टाकून पुस्तक आणायचे आणि पेन्शन आलं की सोडवून द्यायचे. ही हकिगत माय आम्हाला सांगायची तेव्हा आजी कोपऱ्यात बसून आपल्या रिकाम्या मनगटावरून हात फिरवत ऐकायची. दोघींपैकी कुणीही गोटांचा विषय काढत नसे.

माझे बाबा लवकर गेले. माय घरी बिडी वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूपानं आणि दोऱ्याचं रीळ. तिचा हात इतका चालायचा की पान, चिमूट, वळ, दोरा हे चार वेगळे हिस्से दिसायचेच नाहीत. संध्याकाळी कट्टे बांधून ठेकेदाराकडे न्यायचे. तो एकेक कट्टा उचलून दाबून बघायचा आणि काही बिड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे मिळत नसत, पण त्या परतही मिळत नसत. ढिगात पडायच्या आणि ढीग बाजारात जायचा. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्यात नाकारलेल्या बिड्यांचा तंटा सोडवायची तरतूद होती. आमच्या गल्लीत कायद्याचं नाव माहीत असलेली माणसंही थोडी होती.

एका संध्याकाळी मी मायबरोबर होते. ठेकेदाराने मूठभर बिड्या काढून बाजूला टाकल्या. मायने हात पुढे करून त्या उचलल्या आणि त्याच्यासमोर एकेक मोडायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. मोडायची, तंबाखू पदरावर पडायची, दुसरी घ्यायची.

‘‘बाई, काय करून रायली तू?’’ तो म्हणाला.

‘‘खराब हाय म्हनतं ना तू? मंग खराब माल बाजारात जाऊ देऊ का?’’

शेवटची मोडून झाल्यावर तिने पदर झटकला आणि राहिलेल्या बिड्यांचे पैसे मागितले. त्याने दिले. दुसऱ्या दिवशीपासून पान देणं बंद केलं. त्यानंतरचे दिवस घरात ज्वारीच्या कण्यांवर निघाले, हे मला नीट आठवतं. धाकटा भाऊ भुकेने कुरकुरला की माय त्याला जवळ घ्यायची, पण ठेकेदाराकडे परत जाऊ या असं एकदाही म्हणाली नाही. मी तिला विचारलं, त्या बिड्यांचे पैसे तरी किती होते? ती म्हणाली, ‘‘थे पाचशे रुपये होते.’’ आजी हसली. मला समजायला वेळ लागला. आमच्या घरात ‘पाचशे रुपये’ म्हणजे काय, हे मला त्या दिवसापासून कुणी सांगावं लागलं नाही. काही दिवसांनी तिला दुसऱ्या मोहल्ल्यातल्या कारखान्याचं काम मिळालं. जाऊन येऊन पायांचे तुकडे पडायचे.

या सगळ्याचा खरा कस लागला तो माझ्या नोकरीच्या वेळी. मी घरातली पहिली पदवीधर. १९८३ साली केंद्र सरकारच्या एका खात्यात लिपिकाच्या जागा निघाल्या. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार काही शीख जाती सोडल्या तर अनुसूचित जातीत हिंदूच मोडत, १९५६ साली बाकीचे शीखही आले, बौद्ध मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत आम्ही खुल्या गटात. म्हणजे धम्म स्वीकारला की शिवाशीव तशीच राहायची आणि सवलत तेवढी जायची. त्यावर लोकांनी वाट काढली होती. घरात बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’. आमच्या समोरच्या घरचा थोरला मुलगा याच वाटेने नोकरीला लागला होता. त्याची आई, आमची काकू, आपणहून आली. तिच्या मनात आमच्याबद्दल मायाच होती. दाखला कुठे मिळतो, कुणाला भेटायचं, किती दिवस लागतात, सगळं तिने समजावून सांगितलं. मायने तिला चहा दिला आणि सगळं लक्ष देऊन ऐकलं.

रात्री फॉर्म सुपावर ठेवून आम्ही बसलो. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना रिकामे होते. मी म्हटलं, सगळेच लिहितात, काही होत नाही.

माय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुया आजीनं त्या दिवशी शरण घेतलं. तिले कोनी इचारलं होतं काय, का तुया पोरीच्या पोरीले नोकरी भेटंल का नाई?’’

मी ‘बौद्ध’ लिहिलं. खुल्या गटातून माझा नंबर लागला नाही. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि त्याच नोकरीतून निवृत्त झाले.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ज्यांनी दुसरा दाखला काढला, त्यांना मायने कधीही नावं ठेवली नाहीत. मी एकदा समोरच्या मुलाबद्दल काही तिखट बोलले तेव्हा ती माझ्यावर चिडली. चार बहिणी, गळकं छप्पर, अंथरुणाला खिळलेला बाप, हे तू पाह्यलं का, असं तिने मला विचारलं. पोट आणि धम्म यांतलं एक निवडा, असा प्रश्न कायद्याने गरिबापुढे टाकला होता. लाज वाटायची तर ती कायद्याला वाटायला हवी होती. स्वतःला लावलेली मोजपट्टी दुसऱ्याला लावायची नाही, हे मी तिच्याकडून त्या दिवशी शिकले, आणि खरं सांगायचं तर फॉर्म भरण्यापेक्षा मला ते शिकायला जास्त जड गेलं. स्वाभिमानाने जगणारी माणसं पुष्कळदा कडू होतात, इतरांना तोलत बसतात. माय तशी झाली नाही. आजीही नव्हती. दुष्काळात गुरांचं मांस खाऊन जगलेल्या आपल्याच माणसांबद्दल आजीच्या तोंडून कधी कमी-जास्त शब्द आला नाही. तिची म्हैस न ओढणारा वाडा तिला प्यारा होता, आणि त्याआधीची शंभर वर्षं जो वाडा गुरं ओढत राहिला, तोही तिचाच होता.

१९९० साली कायदा बदलला. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं होतं. बौद्धांचा अनुसूचित जातीत समावेश झाल्याची बातमी मी शाळेतून येताना वर्तमानपत्रात वाचली आणि घरी येऊन मायला मोठ्याने वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावलं. माझं वय तेव्हा भरतीच्या पुढे गेलं होतं, पण तिने माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. ‘‘आता बौद्ध लिहूनई भेटंल?’’ एवढंच तिने खात्रीने विचारून घेतलं. मी हो म्हटलं. तिने पेपर माझ्या हातातून घेतला, चपला पायात सरकवल्या आणि समोरच्या काकूंना हाक मारत रस्ता ओलांडून गेली. त्यांच्या धाकट्याचा फॉर्म त्याच आठवड्यात भरायचा होता.