वरदानाकडून व्याकरणाकडे : मॉर्मन मिशनऱ्यांच्या शिक्षणाची कथा

१) सन १८५२. पुण्याच्या लष्करी छावणीत ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ अमेरिकेत जन्मलेल्या नव्या पंथाचा उपदेश करू पाहत होता. त्याच वर्षी तो मुंबईच्या बंदरात उतरला होता. या देशाविषयी वा इथल्या भाषेविषयी त्याला कोणी काही शिकवून पाठवले नव्हते. आज त्याच पंथाचा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण परदेशी निघण्यापूर्वी कित्येक आठवडे वर्गात बसून भाषा गिरवतो. हा बदल कसा घडला? थ्रेड.

२) १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने स्थापलेल्या या पंथाचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जग त्याला मॉर्मन म्हणून ओळखते. या पंथात पगारी पुरोहितवर्ग नव्हता. शेतकरी, सुतार, दुकानदार यांनाच दीक्षा मिळे आणि तेच प्रचाराला बाहेर पडत. त्यांची उपाधी 'एल्डर', म्हणजे वडील. ती धारण करणारा पुष्कळदा विशीतला असे.

३) शिक्षणाचे महत्त्व स्मिथने ओळखले होते. १८३३ च्या जानेवारीत ओहायोतील कर्टलंड गावी, एका दुकानाच्या माडीवर, 'प्रेषितांची शाळा' सुरू झाली. १८३६ मध्ये तर जोशुआ सेशस या शिक्षकाकडून तेथील मंडळी हिब्रू शिकली. मात्र हिब्रू शिकायची ती धर्मग्रंथ वाचण्यासाठी. परक्या माणसाशी बोलण्याची तयारी हा तिचा हेतू नव्हता.

४) त्यामागे एक श्रद्धाही होती. बायबलच्या नव्या करारात येशूच्या शिष्यांना एकाएकी अनेक भाषा बोलता येऊ लागल्याची कथा आहे. 'भाषांचे वरदान' आजही मिळते, अशी आरंभीच्या मॉर्मनांची दृढ धारणा होती. ज्याला भाषा वरून मिळायची आहे, तो धातुरूपे कशाला पाठ करील?

५) पहिले मोठे यश मिळाले तेथे हा प्रश्न उद्भवलाच नाही. १८३७ मध्ये हीबर किंबल आणि त्याचे सहकारी इंग्लंडमधील प्रेस्टन या गिरणगावात पोहोचले. भाषा एकच होती आणि श्रोते कष्टकरी होते. १८५० च्या सुमारास ब्रिटनमधील मॉर्मनांची संख्या युटातील मॉर्मनांहून अधिक भरली. या यशाची किंमत घरच्यांनी मोजली. १८३९ मध्ये ब्रिगहॅम यंग इंग्लंडला निघाला तेव्हा तो स्वतः हिवतापाने फणफणला होता आणि त्याची पत्नी दहा दिवसांची बाळंतीण होती.

६) १८५० मध्ये इरास्टस स्नो डेन्मार्कला गेला. त्याच्यासोबत पीटर हॅन्सन हा जन्माने डॅनिश असलेला सहकारी होता. १८५१ मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' डॅनिश भाषेत छापले गेले. कोणत्याही परभाषेतील त्याची ही पहिलीच आवृत्ती. डेन्मार्कच्या नव्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले होते, हे खरे. पण तेथे श्रोत्यांची भाषा जाणणारा माणूस होता, हेही तितकेच खरे.

७) हिंदुस्थानात चित्र उलटे होते. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत सुमारे शंभर जणांची नावे वाचली गेली. त्यांतील १३ जण, नऊ हिंदुस्थानसाठी आणि चार सयामसाठी, सॅन फ्रान्सिस्कोहून 'मान्सून' नावाच्या जहाजाने निघाले आणि सुमारे तीन महिन्यांनी, एप्रिल १८५३ मध्ये, कलकत्त्यास उतरले. त्यांच्या सामानात श्रद्धा भरपूर होती. बंगाली, तमिळ वा मराठीचे शिक्षण मात्र नव्हते.

८) धर्मगुरूंचा विरोध झाला, छावण्यांत लष्करी अधिकाऱ्यांनी अडथळे आणले. भरीस भर म्हणजे ज्या सभेत ही नावे वाचली गेली, तिथेच पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर स्वीकार केला होता. ती बातमी समुद्र ओलांडून इकडेही आली. अनुयायी मिळाले ते बहुतांशी इंग्रजी बोलणारे, युरोपीय वा युरेशियन. १८५६ पर्यंत हे मिशन आटोपले. भाषा हे अपयशाचे एकमेव कारण नव्हते, पण तिच्यावाचून गावकऱ्याशी संवादाला सुरुवातच होत नव्हती.

९) पुढे पंथाच्या महाविद्यालयांत मिशनऱ्यांसाठी वर्ग निघाले. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत 'मिशनरी होम' उघडले. तेथे थोड्या दिवसांत धर्मतत्त्वे आणि शिष्टाचार शिकवून तरुणांना रवाना करीत. भाषा त्यांनी परदेशी पोहोचल्यावर, ठेचा खातच शिकायची.

१०) हे बदलले ते एका सरकारी अडचणीमुळे. १९६१ मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा मिळण्यास विलंब होऊ लागला. बसून राहिलेल्या या तरुणांना प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्पॅनिश शिकवण्याची व्यवस्था झाली. तात्पुरता उपाय इतका उपयोगी पडला की १९६३ मध्ये त्याला स्वतंत्र मिशनचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये मोठे संकुल उभे राहिले. १९७८ मध्ये सॉल्ट लेकचे 'होम'ही त्यात विलीन झाले आणि 'मिशनरी ट्रेनिंग सेंटर' हे नाव आले.

११) येथील दिनक्रम कडक. सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवे मालवायचे. नेमून दिलेला जोडीदार सतत सोबत. कोटावर नावाची काळी पट्टी. शिक्षक बहुधा नुकतेच मिशनहून परतलेले विद्यार्थी. सराव म्हणून एखादा शिक्षकच अनोळखी यजमानाची भूमिका घेतो आणि नवशिक्याने त्याच्याशी नव्या भाषेत बोलायचे. मातृभाषेतील मिशनसाठी दोन-तीन आठवडे पुरतात. परभाषा असेल तर सहा ते नऊ. शिकवल्या जाणाऱ्या भाषा ५० हून अधिक.

१२) मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष, बहुधा स्वतःच्या वा कुटुंबाच्या खर्चाने. २०१९ पर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी. त्यानंतर ती दर आठवड्याला मिळाली. मुदतीपूर्वी परतणाऱ्याला समाजात ओशाळे वाटते. निघताना पोराच्या खांद्यावर पत्रिकांबरोबर घराण्याच्या अपेक्षांचेही ओझे असते.

१३) २०१२ मध्ये वयाची अट शिथिल झाली. मुलांसाठी १९ ऐवजी १८, मुलींसाठी २१ ऐवजी १९. मुलींची संख्या झपाट्याने वाढली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे केंद्राचे वर्ग बंद झाले आणि प्रशिक्षण घरातल्या पडद्यावर आले. त्याचा काही भाग आजही घरूनच होतो.

१४) भाषांच्या वरदानावरील श्रद्धा पंथाने सोडलेली नाही. आता अभ्यासाला लाभणारे दैवी साहाय्य असा तिचा अर्थ प्रामुख्याने लावला जातो. प्रोव्होच्या वर्गात पहिल्याच दिवसांत शिकवतात ती नव्या भाषेतील प्रार्थना. नावापुढे 'एल्डर' लावणारा तरुण ती लहान मुलासारखी चाचरत, चुकत म्हणतो, आणि जोडीदार ऐकून दुरुस्त करतो. फिंडलेला पुण्यात असे दुरुस्त करणारे कोणी नव्हते.