करवीरनगरीतील संगीतविद्येचे आश्रयदाते

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी संस्थेचे कार्य जसे आठवावे, तसे ते कार्य चालावे म्हणून ज्यांनी आपला हात सैल सोडला त्यांचेही स्मरण करावे, अशी रीत आहे. त्याच रीतीस अनुसरून आमच्या कोल्हापूर नगरीच्या एका जुन्या वैभवाकडे वाचकबंधुभगिनींचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे. या नगरीस कलापूर म्हणतात आणि येथील गवयांची कीर्ती सर्वदूर पसरलेली आहे. परंतु गवई तयार होत असता त्यास इतकी वर्षे जेवू कोणी घातले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

रागसंगीताचे प्राथमिक ज्ञान दोन-चार वर्षांत होते. पुढची विद्या मात्र गुरूसमोर बसून घ्यावी लागते, आणि ती गळ्यावर चढेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात. या अवधीत शिष्य मिळवता होऊ शकत नाही; पोटासाठी चाकरी धरावी तर रियाज सुटतो. सबब, या विद्येत खरा खर्च शिकवणीच्या वेतनाचा नसून निश्चिंतपणे घालविलेल्या वर्षांचा असतो. तो सोसण्याचे तीन मार्ग या भागातील लोकांनी चोखाळलेले दिसतात.

पहिला मार्ग राजाश्रयाचा. छत्रपती शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि त्यानंतर लवकरच उस्ताद अल्लादिया खाँ यांस त्यांनी आपल्या दरबारी ठेविले. राजपुतान्यातील उणियारा येथे 1855 साली जन्मलेले हे थोर गायक पाव शतकाहून अधिक काळ कोल्हापुरास राहिले. दरबारच्या वेतनामुळे खाँसाहेबांस अन्नाची विवंचना उरली नाही, आणि चिंतामुक्त गुरू हीच शिष्यांना मिळालेली मोठी देणगी ठरली. त्यांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ त्यांच्याच तालमीत तयार झाले. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या नामवंतानेही त्यांच्याकडून विद्या घेतली. परंतु 6 मे 1922 रोजी महाराज निवर्तले, आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. त्यांचा अंतही 1946 साली मुंबईतच झाला. एका पुरुषाच्या आयुष्याशी बांधलेला आश्रय त्या आयुष्याबरोबरच सरला.

दुसरा मार्ग धनिकाच्या औदार्याचा. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (1892-1977) आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरास आल्या व अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी सुमारे आठ महिने शिकल्या. ती शिकवणी तुटली. पुढे अनेक गुरू झाले, पण विद्येस सलगपणा येईना. अखेर 1921 साली त्यांना अल्लादिया खाँ यांची दीर्घ तालीम सुरू झाली, आणि तिच्या खर्चाचा भार मुंबईचे शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांनी उचलला. त्या द्रव्याचे सार्थक किती झाले, हे संगीतरसिक जाणतातच. तथापि असा शेठ एखादीलाच लाभतो. गोव्याच्याच कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर याही खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांनी मात्र हीच विद्या मोठ्या हालअपेष्टा सोसून मिळविली.

तिसरा मार्ग संस्थेचा. कुरुंदवाड येथे 1872 साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर स्वतः मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी शिकले होते. संस्थानिकाने जे एका मुलासाठी केले, ते लोकांच्या पैशाने अनेक मुलांसाठी करावे, या हेतूने त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडिले व 1908 साली मुंबईस त्याची शाखा काढली. निवडक विद्यार्थ्यांस तेथे अन्न, निवास व विद्या ही तिन्ही विनामूल्य मिळत, आणि त्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे संस्थेत राहावे असा करार असे. आमच्या कोल्हापूरचे शंकरराव व नारायणराव व्यास हे बंधू याच विद्यालयात घडले. दुर्दैवाने मुंबईची इमारत कर्ज काढून बांधलेली असल्यामुळे ती पुढे लिलावात गेली. इमारत गेली तरी तेथे शिकून बाहेर पडलेल्या शिष्यांनी गावोगावी वर्ग काढून विद्या जिवंत ठेविली.

आपल्या समाजास हा तिसरा मार्ग अपरिचित नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकविले जाई, आणि शिक्षकाचे वेतन चर्चच्या निधीतून दिले जाई. तेथील कित्येक गरीब घरांतील मुले या आधारावर पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत मानाने बसली. एखादा दाता गेला म्हणून ती शाळा बंद पडत नसे, कारण तिचा भार अनेकांच्या खांद्यांवर असे.

आता राजे नाहीत; त्यांचे स्थान शासनाने घेतले आहे. केंद्र शासनाच्या तरुण कलावंतांसाठीच्या शिष्यवृत्तीत 18 ते 25 वर्षे वयाच्या विद्यार्थ्यास दरमहा 5000 रुपये, दोन वर्षांपर्यंत, देण्याची तरतूद आहे. ती स्तुत्यच होय. परंतु दहा वर्षांच्या विद्येस दोन वर्षांचा आधार म्हणजे नदीच्या मध्यापर्यंतच पोहोचणारी नाव. उरलेले पाणी विद्यार्थ्याने कसे कापावे? त्यासाठी गावातील जनांनीच पुढे आले पाहिजे. 1883 साली स्थापन झालेली येथील गायन समाज देवल क्लब ही संस्था आजही उभी आहे. राजे आले आणि गेले, पण रसिकांच्या मेळाव्याने धरलेले व्रत टिकले.

सारांश, एका हातून आलेली मोठी देणगी वंदनीय खरी. परंतु अनेक हातांनी, थोडेथोडे का होईना, पण खंड न पाडता दिलेले साहाय्यच या विद्येस पुरे पडते. आपल्या शेजारी एखादे गुणी लेकरू तंबोरा घेऊन बसले असेल, तर त्यास केवळ शाबासकी देऊन थांबू नये. त्याच्या पुढील दहा वर्षांची तजवीज काय, हेही विचारावे, एवढीच आमची सर्वांस नम्र विनंती आहे.